मास्तर म्हणाले उजवीकडे

मोटार चालवायला शिकवण्यात मास्तरांचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं. निम्मं शहर त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून घामाघूम झालेलं. डॉक्टर, दुकानदार, नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुना, निवृत्तीनंतर हौस सुचलेले आजोबा, सगळे त्यांचे शिष्य. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच होता, पण ते दाबायची वेळ क्वचित यायची. मास्तरांची गाडी चालायची ती आवाजावर. "सोडा... अजून हळू... झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढतो तसा क्लच सोडा," असं ते म्हणायचे आणि थरथरणारी माणसं शांत व्हायची. त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांचा भागीदार होता. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, भाऊजी दगडालासुद्धा गाडी शिकवतील, फक्त दगडाचे पाय पुरायला हवेत.

अशा माणसानं उभा जन्म नवशिक्यांच्या हाती जीव देऊन रस्त्यावर काढला, अंगावर साधा ओरखडा आला नाही. आणि पडले ते घरातल्या स्टुलावरून. स्वयंपाकघरातली ट्यूब बदलायला चढले होते. स्टूल कलंडलं, डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं, आणि पुढचं त्यांना काही आठवत नाही. डोक्यात रक्त साकळलं होतं, ते ऑपरेशन करून काढलं. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणून गेला.

शुद्धीवर आल्यावर मास्तरांना तहान लागली होती. त्यांनी बायकोला पाणी मागितलं. निदान त्यांना वाटलं की मागितलं. तोंडातून आला तो शब्द 'किल्ली' असा होता. बायकोनं विचारलं, कसली किल्ली, घराची की गाडीची? त्यांनी जास्त जोर लावून सांगितलं, किल्ली. बिचारी पिशवी उपसून सगळ्या किल्ल्या त्यांच्यापुढे धरत राहिली आणि मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूत भाषेचं काम जिथून चालतं नेमका तिथेच मार बसलाय. काही परत येईल, काही येणार नाही, किती ते आत्ता सांगता येत नाही. पण बुद्धी शाबूत आहे, समज पूर्ण आहे, ही देवाची कृपा समजा. बायकोला त्या वाक्यानं केवढा धीर आला. मास्तरांना मात्र पुढे अनेकदा वाटलं की सगळी मेख तिथेच आहे. समज गेली असती तर लाज वाटायचा प्रश्नच नव्हता. आपल्या तोंडून काय चाललंय ते ऐकायला आत एक शहाणा माणूस जागा बसवून ठेवलाय, ही कसली कृपा.

हातपाय महिनाभरात पूर्ववत झाले. बोलणंही थोडंफार आलं, पण ते कसं आलं पाहा. 'या, बसा', 'काय म्हणता', 'चालायचंच', 'बरं आहे आपलं' ही वाक्यं घड्याळाच्या टोल्यासारखी आपोआप पडायची. शिव्याही एकदम शुद्ध. त्यामुळे दहा मिनिटांसाठी आलेला पाहुणा घरी जाऊन सांगायचा, मास्तर अगदी पहिल्यासारखे झाले हो. अडायचं ते कामाच्या शब्दापाशी. चमचा हवा असला की 'चप्पल' यायचं. मुलीचं नाव घ्यायला गेले की बहिणीचं यायचं. आणि सगळ्यात दगाबाज शब्द दोन, डावीकडे आणि उजवीकडे. मनात डावं स्वच्छ दिसायचं, हातही डावीकडेच जायचा, पण तोंड खुशाल उजवीकडे म्हणून मोकळं व्हायचं. आणि चुकलं हे दर वेळी कळायचंच असं नाही.

वाचनाची तऱ्हा आणखी निराळी. एकेक अक्षर ओळखू यायचं. क दिसला की क कळायचा. पण काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर असा सगळा संसार घेऊन शब्द आला की शेवटच्या अक्षरापर्यंत पोचेतो पहिलं हातातून निसटायचं. पुन्हा मागे जावं तर शेवटचं निसटायचं. पाटीवरचं 'औषधालय' वाचायला त्यांना रस्ता ओलांडून होईपर्यंत वेळ लागायचा, आणि तेही आत बाटल्या दिसल्या म्हणून अंदाजानं.

इस्पितळात स्पीच थेरपी सुरू केली. तिथल्या मॅडम मुलीच्या वयाच्या, स्वभावानं गरीब आणि चिकाटीच्या. अरुंद खोलीत टेबलावर त्या एकेक चित्र मांडायच्या. कप. खुर्ची. कंगवा. मास्तर नेटानं शब्द शोधायचे, आणि मॅडम पहिलं अक्षर सुचवून थांबायच्या. मास्तरांना त्याचा कमीपणा वाटत नव्हता, खोलीचं दार बंद होतं तोवर. एके दिवशी उकाड्यामुळे दार उघडं राहिलं. समोर मांजराचं चित्र. मास्तर म्हणाले, "मां... मां... मावशी."

बाहेरच्या बाकावर आपल्या आईला घेऊन एक कापडदुकानदार बसला होता. मास्तरांचाच जुना शिष्य. मास्तरांनी त्याला चढावर गाडी थांबवून पुन्हा सोडायला शिकवलं होतं, आणि तेव्हा तो मागे घसरायच्या भीतीनं रडकुंडीला आला होता. त्यानं सगळं ऐकलं. तो हसला असता तर बरं झालं असतं. वाघाची मावशी म्हणून मास्तरही हसले असते. पण त्यानं चटकन मान वळवली आणि आईच्या पदराचं काहीतरी नीट करत बसला. त्याच्या त्या भलेपणानं मास्तरांच्या कानशिलाला चटका बसला.

पुढच्या आठवड्यात ते वेळेवर घरून निघाले, इस्पितळाच्या फाटकापर्यंत गेले आणि तसेच पुढे चालत राहिले. बसस्टँडवर जाऊन बसले, तास भरल्यावर घरी आले. तसं काही आठवडे चाललं. मग एका संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं, "थेरपी संपली. मॅडम म्हणाल्या, आता गरज नाही." हे वाक्य त्यांनी दिवसभर मनात घोकलं होतं. अपघातानंतर इतकं स्वच्छ, न अडखळता वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं, आणि ते खोटं होतं. बायकोला आनंद झाला. तिनं लगेच भावाला फोन लावला.

मेहुण्यानं गाडीचं सगळं काम स्वतःकडे घेतलं आणि भाऊजींना ऑफिसात बसवलं. ऑफिस म्हणजे रस्त्याकडेची एक खोली, टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता. मास्तर तिथे बसून 'या, बसा' म्हणत. वाचायचं काही आलं की चष्मा घरी राहिलेला असे, किंवा अक्षर फार बारीक असे, किंवा घसा बसलेला असे. समोर वर्तमानपत्र उघडून ठेवलेलं असे आणि योग्य वेळानं ते पान उलटत. ऐन पन्नाशीत शाळेत कॉपी करून पास होत असल्यासारखं त्यांचं आयुष्य चाललं होतं. कोण कधी पकडेल याचा नेम नाही.

असंच चालत राहिलं असतं, पण मेहुणा तापानं आडवा झाला. त्यानं फोन करून सांगितलं, आजचे सगळे धडे रद्द, आलेल्यांना परत पाठवा. मास्तर हो म्हणाले, आणि पाठवलंही. शेवटी आल्या त्या रोपवाल्या बाई.

या बाई आणि त्यांचे यजमान मिळून शहराच्या कडेला रोपवाटिका चालवत. रोपं पोचवायची छोटी व्हॅन नवरा चालवायचा. बाईंना माती कालवता येते, कलमं बांधता येतात, गिऱ्हाईक सांभाळता येतं, पण कुंड्या पोचवायच्या तर नवऱ्याची मर्जी बघावी लागते, म्हणून त्या गाडी शिकायला आल्या होत्या. नवऱ्याचं ठाम मत की हे तिच्यानं होणार नाही. सासूचंही तेच. बाईंचे पहिले धडे मास्तरांनीच घेतले होते, स्टुलावरून पडायच्या आधी. नंतरचे मेहुण्यानं. परीक्षा तोंडावर आली होती.

आज धडा नाही हे ऐकल्यावर बाई गेल्या नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहिल्या. म्हणाल्या, वळणांची अजून भीती वाटते, आजचा दिवस गेला तर परीक्षेत नक्की घोटाळा होईल, आणि आमच्या ह्यांना तेवढंच निमित्त हवंय. मग म्हणाल्या, "तुम्ही शिकवत होतात ना मास्तर, तेव्हा मला भीती वाटायची नाही. तुमचे मेहुणे चांगले आहेत, पण ते ओरडतात."

मास्तरांनी हे ऐकलं आणि त्यांना काय झालं कुणास ठाऊक. कितीतरी दिवसांत कुणी त्यांच्याकडे असं बघितलं नव्हतं. सगळे बघायचे ते अंडं फुटेल अशा नजरेनं. खिळ्यावरच्या किल्ल्या त्यांनी काढल्या. "चला," ते म्हणाले. तो शब्द बरोबर आला.

सुरुवात छान झाली. बाईंचा हात बसलेला होता. मास्तर 'हळू' म्हणत, 'बरं' म्हणत, 'छान' म्हणत, आणि तेवढ्यावर भागत होतं. गाडीच्या काचेतून ओळखीचा रस्ता अंगावर येत होता आणि मास्तरांना वाटलं, उगाच घाबरलो आपण. आपलं सगळं जागच्या जागी आहे. शाळेच्या भिंतीपुढे रस्ता दोन वाटांना फुटत होता. नेहमीचा रस्ता डावीकडचा, मोठ्या मैदानाकडे जाणारा. मास्तरांच्या मनात मैदान होतं.

"उजवीकडे," ते म्हणाले.

बाईंनी वेग कमी केला. "उजवीकडे? मैदानात नाही जायचं?" आणि मग, "मास्तर, तिथे पाटी लावलीय. काय लिहिलंय हो? माझं लक्ष रस्त्यावर आहे."

पाटी मास्तरांना दिसत होती. पिवळा पत्रा, त्यावर काळ्या रंगानं बरंच काही. पहिलं अक्षर त्यांना कळलं. दुसरं कळलं. तिसऱ्यापाशी पहिलं गेलं. गाडी पुढे सरकत होती आणि बाई उत्तराची वाट बघत होत्या. मला कळत नाही, थांबा, एवढं म्हणायला हवं होतं. तेवढे शब्द त्यांच्यापाशी होते. पण त्या बाईंच्या आवाजातला विश्वास इतका ताजा होता की तो मोडायला त्यांची जीभ उचलेना.

"काही नाही," मास्तर म्हणाले. "चला."

वळणापलीकडे रस्ता उकरला होता. पाण्याचा पाइप टाकायचं काम चाललं होतं. मास्तरांचा पाय त्यांच्या तोंडापेक्षा शहाणा निघाला. त्यानं आपल्या बाजूचा ब्रेक तळापर्यंत दाबला, पण पुढचं एक चाक चरात उतरलंच. गाडी तिरकी होऊन थडकली. एका मजुरानं चरातून बाहेर उडी मारली, त्याच्या पोटरीला खरचटलं. बाईंचं मनगट स्टिअरिंगवर आपटून मुरगळलं. त्याहून वाईट कुणाला काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

माणसं जमायला कितीसा वेळ लागतो. बाई शिकतेय वाटतं, एक जण म्हणाला. दुसऱ्यानं विचारलं, एवढी मोठी पाटी दिसली नाही का ताई? बाई मनगट धरून उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. मेहुणा अंगात ताप असताना रिक्षा करून आला. आल्या आल्या त्यानं मास्तरांचे हातपाय चाचपले आणि विचारलं, "भाऊजी, झालं काय?"

सगळे मास्तरांकडे बघायला लागले. मास्तरांनी तोंड उघडलं. "मी... त्या... उजवी... उजवीकडे..."

"बाई उजवीकडे वळल्या?" मेहुण्यानं विचारलं.

नाही म्हणायला मान हलवली असती तरी पुरलं असतं. मानेला काही शब्द लागत नाहीत. मास्तरांची मान हलली नाही.

बाई हळूच म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही उजवीकडे म्हणालात ना? का मलाच तसं ऐकू आलं?"

मास्तर चराकडे बघत राहिले. तिथे मातीत पाइपाचं निळं तोंड दिसत होतं. ते इतकं निरखून बघण्यासारखं काही नव्हतं. मेहुणा बाईंना म्हणाला, जाऊ द्या, घाबरल्यावर होतं असं. आणि बाईंनी मान डोलावली. स्वतःच्या कानांवरचा त्यांचा भरवसा मास्तरांच्या डोळ्यांदेखत उडाला.

त्यानंतर रोपवाल्या बाई आल्या नाहीत. परीक्षेलाही बसल्या नाहीत. मास्तरांनी घरी सांगितलं की ते नुसते शेजारी बसले होते. बायको आधी खूप घाबरली, मग चिडली, मग निवळली. चार दिवसांनी ती बाजारातून आली ती हसतच. रोपवाटिकेचा मालक दुकानात उभा राहून बायकोची नक्कल करत होता म्हणे. म्हणत होता, आमच्या हिला मोगऱ्याच्या पानावरची कीड दिसते, पण म्हशीएवढी पाटी दिसत नाही. आता बसलीय गप्प, व्हॅनचं नाव काढत नाही. बायको भाजी काढून ठेवता ठेवता हे सांगत होती. मास्तरांच्या हातातला घास हातातच राहिला. पोट बरं नाही, असं काहीतरी पुटपुटून ते उठले.

रात्र रात्र त्यांना झोप लागेना असं झालं नाही. उलट झोप फार यायची. उठल्यावर मात्र पहिल्यांदा तो चर दिसायचा, आणि बाईंचा तो प्रश्न. दोष डोक्याच्या माराचा, असं ते स्वतःला समजावून बघत. उजवीकडे म्हटलं ते मारामुळे. पाटी वाचता आली नाही ती मारामुळे. इथवर हिशेब जुळायचा. पण मान हलवली नाही ती कशामुळे? तिथे मार लागला नव्हता.

मग एका दुपारी इस्पितळातून फोन आला. मॅडम स्वतः बोलत होत्या. मास्तर इतके दिवस आले नाहीत, तब्येत बरी आहे ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं. फोन बायकोनं घेतला.

मास्तर घरी आले तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसली होती. तिनं आदळआपट केली नाही. शेजारी जागा करून दिली आणि सगळं सांगितलं. मग म्हणाली, "अहो, घरी तुम्ही कधी कालचाच पेपर आजचा म्हणून वाचत बसता. मला कळत नाही असं वाटलं का तुम्हाला?"

मास्तरांनी मान खाली घातली.

"मला पहिल्यापासून माहीत आहे. तुमचा मान राहावा म्हणून मी बोलले नाही. पेपर आपला समोर ठेवत गेले रोज. थेरपी संपली म्हणालात तेव्हाही मनात शंका आली होती, पण म्हटलं, असेल. मला तेच बरं वाटत होतं ना." तिनं चादरीची सुरकुती सपाट केली. "मी तेव्हा बोलले असते तर तुम्ही त्या गाडीत बसलाच नसता."

मास्तरांना वाटत आलं होतं की हे नाटक आपण एकटेच करतोय. या घरात दोघं जण करत होते, आणि एकमेकांना दाद देत होते. इतकी चांगली बायको आणि तिला आपण या थराला आणलं. ते तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "उजवी. मी." छातीवर बोट ठेवून पुन्हा म्हणाले, "मी म्हटलं. बाई नाही. मी."

बायकोला कळायला क्षणभर लागला. आणि कळल्यावर, बाजारातून आपण कशाला हसत आलो होतो ते तिला आठवलं असावं. तिनं तोंडाला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं रोपवाटिकेत गेले. वाटेत बायको म्हणाली, मी सांगते, तुम्ही नुसते उभे राहा. मास्तरांनी नकार दिला. तोंड त्यांचं होतं.

बाई ओळीनं मांडलेल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. मनगटाला पट्टी होती. नवरा टेबलाशी उभं राहून गिऱ्हाइकाला खतं दाखवत होता. मास्तरांना बघून तो मोठ्यानं म्हणाला, या या मास्तर, तुमची शिष्या अजून शाबूत आहे. मास्तरांच्या तोंडून आपोआप 'काय म्हणता' निघून गेलं. त्यांना स्वतःच्या जिभेचा राग आला.

ते बाईंसमोर जाऊन उभे राहिले. रात्रभर जुळवलेलं वाक्य केव्हाच विस्कटलं होतं. "त्या दिवशी," ते म्हणाले, "मी... मी कुंडी म्हणालो."

नवरा खो खो हसला. "कुंडी म्हणालात?" गिऱ्हाईकही हसलं. मास्तरांच्या अंगाला दरदरून घाम फुटला. बायको पुढे सरकली तशी बाईंनी झारी खाली ठेवली आणि हातानं तिला थांबवलं.

"बोलू द्या त्यांना," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी उजवा हात वर केला, सगळ्यांना दिसेल असा. "हे. हे म्हणालो मी. तुम्हाला बरोबर ऐकू आलं." मग डोक्यावरच्या टाक्यांच्या खुणेवर हात ठेवला. "इथे लागलं. शब्द उलटा येतो. आणि पाटी... पाटी मला..." तो शब्द त्यांना सापडत होता, तोंडात होता, पण बाहेर काढायचा म्हणजे जन्मभराची मास्तरकी त्या कुंड्यांमध्ये ओतून रिकामी करायची. "वाचता येत नाही," ते म्हणाले. "मला वाचता येत नाही."

नवऱ्याचं हसू थांबलं. तो खताची पिशवी उगाच सरळ करायला लागला.

बाईंचे डोळे भरले, पण ते दयेनं नव्हे. त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला तिथेच विचारलं होतं मास्तर. सगळ्यांच्या समोर. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत."

"हो," मास्तर म्हणाले.

"मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. मी रात्री झोपताना ते आठवत बसायचे, खरंच ऐकलं होतं का नाही म्हणून."

"हो," मास्तर पुन्हा म्हणाले.

बाईंनी पदरानं हात पुसले. "मग हे एकदा आत घरात येऊन सांगा. सासूबाई आहेत, दीर आहेत. त्यांच्यासमोर सांगा."

मास्तर आत गेले आणि त्यांनी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा ते आणखी वाईट झालं. 'पाटी'ऐवजी 'पाटलीण' आलं, सासूबाईंना ऐकू कमी येत होतं, त्यांनी परत विचारलं, आणि मास्तरांना तिसऱ्यांदा सांगावं लागलं. दिराला शेवटी कळलं आणि त्यानं आईच्या कानात ओरडून सांगितलं की ह्यांना वाचता येत नाही, चूक ह्यांची होती. शेजारच्या घरापर्यंत ऐकू गेलं असणार. बाई दाराशी उभं राहून सगळं ऐकत होत्या. निघताना त्यांनी बसा म्हटलं नाही, चहा विचारला नाही. फक्त म्हणाल्या, "आलात ते बरं केलंत."

मेहुण्याला सांगणं त्याहून जड गेलं. तो ओरडला नाही, ते जास्त लागलं. तो म्हणाला, भाऊजी, त्या मजुराचा जीव गेला असता तर आपण कुठे तोंड दाखवलं असतं? आणि गाडीच्या किल्ल्या खिळ्यावरून काढून त्यानं आपल्या खिशात टाकल्या. मग स्वतः जाऊन त्या मजुराला भेटून आला, मास्तरांना बरोबर घेऊन. तो मजूर म्हणाला, रोजचंच आहे हो, आणि पोटरीवरची खपली दाखवून हसला.

मास्तर पुन्हा मॅडमकडे जायला लागले. मॅडमनी काही विचारलं नाही, कपाटातून चित्रं काढली. दार बंद करू का, एवढं विचारलं. मास्तर म्हणाले, उघडंच असू द्या. मात्र बाहेर कुणाची पावलं वाजली की त्यांचा शब्द अजूनही अर्ध्यावर गोठतो. सहा महिने झाले, वर्ष झालं. चमचा बहुतेक वेळा चमचाच येतो. डावं-उजवं सुधारलं नाही आणि सुधारेल असं मॅडमही आता म्हणत नाहीत. वाचन तेवढंच. बायको सकाळी मोठ्यानं मथळे वाचते, तेव्हा ते ऐकतात आणि कधी कधी मुद्दाम दुसरीकडे बघतात.

रोपवाल्या बाईंनी मेहुण्याकडे धडे पुरे केले. ऑफिसात यायच्या तेव्हा मास्तरांना नमस्कार करायच्या, बोलायच्या नाहीत. पहिल्या परीक्षेत नापास झाल्या, दुसऱ्या खेपेला पास झाल्या. आता व्हॅन त्याच चालवतात. रस्त्यात दिसल्या तर कधी हात करतात, कधी करत नाहीत. करत नाहीत तेव्हा त्यांचं लक्ष नसेल, असं मास्तर धरून चालत नाहीत.

पुढे मेहुण्यानंच विषय काढला. मैदानावर, जिथे दुसरी गाडी नाही आणि पाटी नाही, तिथे अगदी नवख्यांना क्लच सोडायचं शिकवायला मास्तरांनी बसावं. पण एका अटीवर. प्रत्येकाला आधी सगळं सांगायचं, आणि ते स्वतः सांगायचं. मास्तरांनी मॅडमबरोबर बसून त्यासाठी वाक्य बसवलं: मला डोक्याला मार लागला होता, माझे शब्द चुकतात, म्हणून माझा हात बघा, तोंड बघू नका.

हे ऐकल्यावर काही जण लगेच मेहुण्याकडे जातात आणि दबक्या आवाजात विचारतात, दुसरं कुणी नाही का शिकवायला? ऑफिसची खोली ती केवढी. मास्तरांना ते ऐकू येतं. कानशिलं तापतात, आणि ते भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसतात. राहणारे राहतात.

परवा एक नवीन मुलगी आली. बँकेत नोकरी करते म्हणाली. गाडीत बसल्यावर मास्तरांनी घसा साफ केला आणि वाक्य सुरू केलं. "मला डोक्याला मार लागला होता. माझे शब्द चुकतात. म्हणून माझा..." आणि नेमका 'हात' आला नाही. 'भात' आला. "माझा भात बघा," ते म्हणाले.

मुलीला हसू आवरेना. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि माफ करा, माफ करा म्हणत राहिली. मास्तरांचा चेहरा लालबुंद झाला. मग त्यांनी आपला हात तिच्यासमोर धरला, ती शांत होईपर्यंत थांबले, आणि वाक्य पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.